खुनी ठाऊक असताना

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात कामठ्याचं नाव येतं ते १८१८ सालच्या धामधुमीत. सीताबर्डीच्या लढाईनंतर काही महिन्यांनी इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना कैद केलं आणि अलाहाबादेच्या वाटेवर काढलं. मे महिन्यात, जबलपूरच्या मुलखात, आप्पासाहेबांनी पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवले, स्वतः शिपायाचा वेष चढवला आणि छावणीतून निघून गेले. पुढे महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. त्यांच्या बाजूने ज्यांनी उठाव केला त्यांत कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल होता. इंग्रजी फौजेने त्याच वर्षी कामठा घेतलं, आणि जमीनदारी कालांतराने लोधी घराण्याकडे गेली. आज कामठा हे गोंदिया तालुक्यातलं गाव आहे आणि लहरीबाबांच्या आश्रमामुळे त्याचं नाव लोकांच्या तोंडी आहे. रहस्यकथेला लागणारा सगळा ऐवज या हकिगतीत आहे: कैदी, पहारा, फितुरी, वेषांतर, पाठलाग. नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे ऐकणाऱ्यापासून लपवून ठेवलेलं काही. शिपायाच्या अंगरख्यात कोण आहे हे ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते पहारेकऱ्याला. जीव टांगणीला लागतो तो ‘हा कोण’ यावर नव्हे, ‘याला ओळखतील का’ यावर. मराठी माणसाने मनापासून जपलेल्या रहस्यकथांचा मोठा वाटा, रंगमंचावरचा, पडद्यावरचा आणि बराचसा छापील, याच जातीचा आहे असं माझं म्हणणं आहे. खुनी शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवणाऱ्या कथेच्या मापाने आपण तो मोजत आलो, म्हणून तो आपल्याला कायम तोकडा वाटत राहिला.

तोकडेपणाची ही तक्रार जुनी आहे. बंगाल्यांकडे ब्योमकेश आहे, फेलूदा आहे. इंग्रजांकडे तर होम्सपासून मिस मार्पलपर्यंत रांगच लागलेली. आपल्याकडे काय, तर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांच्या शेकड्यांनी निघालेल्या पुस्तिका, सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास. समीक्षकांनी हे सगळं ‘खपाऊ’ म्हणून कोपऱ्यात सारलं. ज्यांनी प्रेमाने वाचलं तेही कबूल करतात की यात ‘कोडं’ कमी आणि धावपळ जास्त. कोडं कमी आहे हे मला मान्य आहे. पण ते लेखकांना जमलं नाही म्हणून कमी आहे, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

पुरावा शोधायचा तर कामठ्याच्या दक्षिणेला जावं. कामठा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या उत्तरेकडच्या काठावर आहे. तिथून पुढे बालाघाटचा मुलूख लागतो, कानावर पोवारी आणि हिंदी पडते. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वडसा लागतं, ते झाडीपट्टी रंगभूमीचं बाजारपेठेचं गाव: नाटक कंपन्यांची कार्यालयं, रंगीत फलक, तारखा ठरवायला आलेली गावोगावची मंडळं. धान घरात आलं की दिवाळीनंतर मंडया भरतात, पूर्वी शंकरपट भरायचे, आणि मंडईच्या रात्री गावात नाटक असतं. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. पूर्वी प्रेक्षकांना बसायला जमीन खणून जागा करत, म्हणजे मागच्यालाही दिसावं. रंगमंचासमोर प्रॉम्प्टर बसतो, कारण नट या गावातून त्या गावात रोज धावत असतो आणि तालमींना वेळ नसतो. मधे नाच असतात, विनोदी नटाची झाडीबोलीतली फटकेबाजी असते. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या आयुष्यभराच्या कामासाठी.

या रंगभूमीवरच्या नाटकांना कोणी रहस्यनाट्य म्हणत नाही. ती ‘सामाजिक’ म्हणून ओळखली जातात. पण त्यांचा ढोबळ साचा पाहा: जमिनीचे खोटे कागद, तोतया वारस, घरात शिरलेला दगाबाज, निरपराध माणसावर आलेला आळ, शेवटी फौजदार. हा रहस्यकथेचाच माल आहे. फरक इतकाच की खलनायक पहिल्या अंकातच प्रेक्षकांकडे तोंड करून आपला बेत सांगून टाकतो. हे नाटककाराचं अज्ञान नव्हे, ती या प्रयोगाची गरज आहे. मध्यरात्री हजारो माणसं उघड्यावर बसलेली, कोणी चहाला उठतं, कोणाचं लेकरू रडतं, कोणी दुसऱ्या अंकाला येऊन टेकतं. अशा ठिकाणी दहा वाजता टेबलावर ठेवलेल्या पत्राचा उलगडा पहाटे चारला करायचा म्हटलं तर निम्म्या लोकांनी ते पत्र पाहिलेलंच नसतं. दुवे लपवून रचलेली कथा एकेका क्षणाचं लक्ष मागते आणि एक जरी दुवा हुकला तर उरलेली कथा वाया जाते. उलट, दगाबाज कोण हे माहीत असलं की प्रेक्षक कधीही येऊन बसला तरी त्याला धाकधूक तीच लागते. घरातली भोळी सून त्या माणसाच्या हाती चाव्या देते तेव्हा समोरच्या गर्दीतून तिला ओरडून सावध करणारे निघतात. ज्या नाटकात प्रेक्षकाला काही माहीतच नाही, तिथे त्याने ओरडायचं तरी काय?

यावर कोणी म्हणेल, ही झाली खेड्यातल्या उघड्या मांडवाची अडचण. तिला आवड म्हणू नका. पण मग मांडवाशी ज्यांचा संबंध नाही अशा कथांमध्येही हीच रचना का दिसते, याचं उत्तर द्यावं लागेल. महाभारतातलं विराटपर्व घ्या. सहा माणसं नाव बदलून एका नगरात दडली आहेत, बाहेर शत्रूचे हेर माग काढत फिरताहेत, ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. हेरांच्या बाजूने पाहिलं तर यासारखी तपासकथा नाही. कीचक मेल्याची बातमी ऐकून, असा मल्ल मारणारा भीमाशिवाय कोण असणार, असा तर्क दुर्योधनाने बांधल्याचं कीर्तनकार सांगतात, आणि तो तर्क होम्सला शोभेल असाच आहे. पण ही कथा हेरांच्या बाजूने कोणी सांगितली नाही. बल्लव कोण आणि सैरंध्री कोण हे श्रोत्याला आधी सांगूनच सांगितली. कीचकाचं प्रेत भीमाने जिथे टाकलं असं वऱ्हाडात मानतात ती दरी चिखलदऱ्याला आजही दाखवतात, आणि खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगमंचावर आणलं तेव्हा प्रेक्षकांना पात्रांचीच काय, पात्रांआड उभ्या केलेल्या इंग्रज अंमलदारांचीही ओळख पटलेली होती. ओळख न पटल्याचं सोंग काही काळ सरकारने केलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

वेताळपंचविशी तर याहून बोलकी आहे, कारण तिथे प्रत्येक गोष्टीच्या शेवटी उघड उघड कोडंच घातलेलं असतं. त्यातली एक गोष्ट खुनाची म्हणता येईल. एक पक्षी साप पकडून नेत असतो. सापाच्या तोंडातलं विष खाली, एका ब्राह्मणाला भिक्षा म्हणून मिळालेल्या अन्नात पडतं. ब्राह्मण ते खातो आणि मरतो. वेताळ विचारतो, हत्येचं पाप कोणाला? इंग्रजी धाटणीच्या कथाकाराने अन्नात विष कसं आलं हेच शेवटपर्यंत झाकून ठेवलं असतं आणि भिक्षा घालणाऱ्या बाईभोवती संशयाचं जाळं विणलं असतं. वेताळ सगळी वस्तुस्थिती आधीच सांगून मोकळा होतो. त्याला ‘कोणी केलं’ हे विचारायचंच नाही. ‘दोष कोणाच्या माथी’ हे विचारायचं आहे. राजाचं उत्तर असं की साप पराधीन, पक्षी आपलं भक्ष्य नेत होता, बाईने श्रद्धेने वाढलं. पाप लागेल ते विचार न करता यांपैकी एकावर आरोप ठेवणाऱ्याला. तपासकथा जिथे संपते तिथे ही कथा सुरू होते. विदर्भातल्या खडी गंमतीत आणि कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत रात्र रात्र चालणारे सवाल-जवाबही याच कुळातले: प्रश्न पुराणातला, गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची, आणि चुरस ती तिचा अर्थ कोण कसा लावतो याची.

आता शहरातल्या बंदिस्त नाट्यगृहात या. तिथे प्रेक्षक तिकीट काढून, ठरल्या वेळी, गप्प बसतो. दुवे पेरायला कसलीच आडकाठी नाही. तिथे मराठी प्रेक्षकाने गुन्ह्याच्या कोणत्या नाटकाला डोक्यावर घेतलं? आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ला. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिला प्रयोग झालेलं हे नाटक माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून सुचलेलं. प्रभाकर पणशीकर यांनी त्यात पाच सोंगं वठवली आणि फिरत्या रंगमंचामुळे कोर्ट आणि पूर्वघटना डोळ्यांसमोर अदलाबदल होत राहिल्या. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे पिंजऱ्यात उभा राहून एकेका साक्षीदाराला तोंडावर नाकारतो, आणि प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना माहीत असतं की हाच तो. प्रश्न एवढाच उरतो की हा निसटतो कसा आणि त्याला धरणार कोण. हजारो प्रयोग झाले, लोक चार-चार वेळा गेले. खुनी दडवलेल्या नाटकाला दुसऱ्यांदा जाणारा माणूस विरळा. लखोबाला दुसऱ्यांदा पाहताना रंगत वाढते, कारण पुढचा नकार कोणत्या सुरात येणार याची वाट पाहता येते. लंडनमध्ये १९५२ पासून चाललेल्या अॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द माऊसट्रॅप’च्या शेवटी प्रेक्षकांना विनवतात की शेवट कोणाला सांगू नका. अत्र्यांनी तर शेवट नाटकाच्या नावातच उलटा टांगून ठेवला.

त्याच काळात मुंबईने एक खरा खून चवीने वाचला. २७ एप्रिल १९५९ रोजी कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या आणि स्वतःच जाऊन पोलिसांना सांगितलं. कोणी मारलं, का मारलं, कशाने मारलं, यात झाकलेलं काही नव्हतं. तरीही शहर खटल्याने झपाटून गेलं, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’ रंगभूमीवर आलं. शीर्षकातच कबुली! तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्येही बेणारेबाईंच्या आयुष्यात काय घडलंय याची कुणकुण त्या मंडळीत जवळजवळ सगळ्यांना आधीपासून असते. थरकाप होतो तो ते खेळाच्या कोर्टात, चारचौघांत, मोठ्याने बोललं जातं तेव्हा. मराठी गुन्हेनाट्यात कोर्ट इतक्या वेळा येतं ते वकिली संवादांच्या हौसेने येत असेलही, पण मुख्यतः येतं ते माहीत असलेली गोष्ट जाहीर व्हायची जागा म्हणून. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ला कोर्ट लागत नाही, फाल्गुनरावाचं स्वतःचं डोकंच न्यायालय, आणि आरोपी निर्दोष आहेत हे त्याच्याखेरीज सगळ्या थिएटरला माहीत.

छापील पानाचं काय? वाचक एकटा असतो, त्याला मागे जाऊन दुवा तपासता येतो, म्हणजे कोड्यासाठी याहून सोयीची जागा नाही. अर्नाळकर (१९०६–१९९६) मुंबईत चष्म्याचं दुकान चालवत आणि हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेले. त्यांचा धनंजय हा रीतसर गुप्तहेर आहे, तपास करतो. पण वाचकांनी ज्यांच्यासाठी वाचनालयात नंबर लावले त्यांत झुंजार आणि काळा पहाड यांची नावं आधी येतात, आणि हे दोघे कायद्याच्या हाती न लागणारे, दुहेरी आयुष्य जगणारे नायक आहेत. म्हणजे पुन्हा तेच: वाचकाला खरं नाव माहीत, पोलिसांना नाही. वाचक पोलिसांच्या खुर्चीत बसत नाही. तो लपणाऱ्याच्या बाजूला, पडद्याआड उभा असतो. शिरवळकरांचा अमर विश्वास कोर्टात दुवे जुळवतो आणि तिथे कोडं खरोखर असतं, हे मान्य केलं पाहिजे. दिवाळी अंकांनीही कोड्याला जागा दिली; अनंत अंतरकरांचा ‘नवल’ आणि नंतर ‘धनंजय’ हे अंक गूढ आणि रहस्यासाठीच विकत घेतले जात. छापील रहस्यकथेत माझा मुद्दा सर्वांत कमी टिकतो, हे मी लपवत नाही. पण तिथेही रत्नाकर मतकरी आणि नारायण धारप ज्या उंचीवर गेले ती गूढकथेतली आहे. गूढकथेत ‘कोणी’ हा प्रश्न नसतोच. काहीतरी येतंय हे वाचकाला कळलेलं असतं आणि पात्राला कळलेलं नसतं.

खरी अडचण करतो तो ‘पाठलाग’. राजा परांजपे यांचा हा १९६४ सालचा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून निघाला आणि दोन वर्षांत राज खोसलांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते आणि थोड्याच दिवसांत तिच्याच चेहऱ्याची एक बाई आरोपी म्हणून उभी राहते, मीच तुमची बायको म्हणते. इथे प्रेक्षकाला काहीही माहीत नसतं. त्याला वकिलाइतकंच अंधारात ठेवलेलं आहे आणि जुळ्या बहिणीचा उलगडा शेवटी होतो. (साठ वर्षं उलटली, आता सांगितल्याचा दोष नसावा.) हा अस्सल रहस्यपट आहे आणि तो गाजला, त्याला पुरस्कारही मिळाला. माझ्या म्हणण्याला तो अपवाद आहे, आणि अपवाद म्हणून तो मी तसाच राहू देतो. फक्त एवढं पाहावं की त्या चित्रपटाचा कणा कोणता प्रसंग आहे. ती बाई भर कोर्टात नवराबायकोतल्या खाजगी गोष्टी एकामागून एक सांगू लागते, आणि त्या फक्त एकाच श्रोत्याला खऱ्या असल्याचं माहीत असतं. तो श्रोता समोर काळा डगला घालून उभा आहे आणि त्याला ते मान्य करता येत नाही. तिथलं नाट्य दुव्यांचं नाही, माहिती असूनही न बोलता येण्याचं आहे.

माझ्या मते या आवडीचं मूळ इथेच आहे. खेड्यात गुपित म्हणजे कोणालाही माहीत नसलेली गोष्ट नसते. बांध कोणी सरकवला, कागदावर अंगठा कोणाचा आणि कसा उठला, कोणत्या घरातल्या सुनेचा जीव कशाने गेला, हे आळीला माहीत असतं. ते पंचांसमोर उच्चारलं गेलेलं नसतं, एवढंच. अशा समाजात ‘कोणी केलं?’ या प्रश्नात थरार नाही. थरार आहे तो ‘हे बोलणार कोण?’ यात. यावर सर्वांत नेमका आक्षेप इंग्लंडमधूनच येतो: मिस मार्पल राहते तेही खेडंच, सगळे सगळ्यांना ओळखतात, तरी तिथे खुनी सापडत नाही. त्याचं उत्तर ख्रिस्तीने स्वतःच देऊन ठेवलंय. १९५० सालच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये मिस मार्पल म्हणते ते साधारण असं की पूर्वी गावात कोण कुठलं हे माहीत असे, युद्धानंतर नवी माणसं येऊन राहिली, आणि ती कोण आहेत हे तीच सांगतात तेवढंच आपल्याला कळतं. म्हणजे खुनी दडू शकतो तो गावाची आपापसातली ओळख सुटल्यावर. ख्रिस्तीचं खेडं हे खेडेपण हरवलेलं खेडं आहे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. वाचकाला सगळे दुवे द्यायचे, त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, हा नियम काही रहस्यकथेच्या जन्मापासूनचा नाही. होम्सच्या कित्येक कथांत शेरलॉक जे पाहतो ते वाचकाला दाखवलेलंच नसतं, आणि तरी भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांतून तो इथे घरचा झाला. नियमांची भाषा आली ती दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्लंड-अमेरिकेत: व्हॅन डाइनने १९२८ मध्ये वीस नियम छापले, रोनाल्ड नॉक्सने पुढच्याच वर्षी दहा, त्यात एका कथेत एकाहून जास्त चोरवाट नको असंही कलम. शब्दकोड्यांचं वेड याच वर्षांतलं. वीस-एक वर्षांची ही लाट अत्यंत देखणी होती, मला ती आवडतेही. पण तिला साऱ्या रहस्यकथेचं माप मानणं म्हणजे एका हंगामाच्या पिकावरून शेताची जात ठरवणं. त्या लाटेआधीच, १९१२ मध्ये, ऑस्टिन फ्रीमनने गुन्हा आधी दाखवून मग तपास सांगणाऱ्या कथा इंग्रजीत लिहिल्या होत्या. पुढे अमेरिकेत कोलंबो नावाच्या चुरगाळलेल्या कोटवाल्या पोलिसाने त्याच रचनेवर कित्येक वर्षं दूरदर्शनसंच तापवले.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ओळख सुटलेलीच होती ना, मग तिथे कोड्याची भूक का वाढली नाही, असाही प्रश्न येतो. थोडी वाढली, ब. प्र. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलिस मालिका मुंबई दूरदर्शनवर लोकांनी आवडीने पाहिली आणि तिचा सांधा पुढे १९९८ च्या ‘सीआयडी’शी जुळला. पण शहराने खराखुरा अज्ञात खुनी पाहिला तेव्हा काय झालं, तेही नोंदवायला हवं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्यासत्र चाललं. ‘कोण?’ हा प्रश्न त्या दिवसांत प्रत्येक घरात होता आणि त्यात कसलीही करमणूक नव्हती. संध्याकाळनंतर दारं लागत. चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये फाशी झाली. १९८६ साली त्यावरून चित्रपट आला, त्याचं नाव ‘माफीचा साक्षीदार’. म्हणजे सगळं उघड झाल्यावर, फुटलेल्या साथीदाराच्या तोंडून. तपासाच्या अंगाने, खुनी झाकून ठेवून, ती कथा सांगता आली असती; ती तशी सांगितली गेली नाही.

हे सारं जुनं झालं, आता मोबाइलवर एकट्याने पाहणारा प्रेक्षक जगभरातली कोडी पाहतो, त्याची आवड बदलली असेल, असा शेवटचा आक्षेप. बदलली असेल. पण अलीकडच्या वर्षांत मराठी रंगभूमीवर रहस्यनाट्य परत आणलं ते नीरज शिरवईकर लिखित, विजय केंकरे दिग्दर्शित ‘अ परफेक्ट मर्डर’ने, आणि त्याचं मूळ फ्रेडरिक नॉटच्या ‘डायल एम फॉर मर्डर’मध्ये आहे. जगातल्या इतक्या रहस्यनाटकांतून निवड झाली ती नेमकी अशा नाटकाची, जिथे नवरा बायकोच्या खुनाचा बेत प्रेक्षकांसमोर बसून रचतो. पुण्यात घडणाऱ्या श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मध्ये आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक प्रेत पाहतो तेव्हा ते आपणही पाहतो, आणि त्याला ते पाहिल्याचं दाखवता येत नाही, तिथून पुढचा अर्धा चित्रपट आपण त्याच्या डोळ्यांवरच्या गॉगलमागे बसून काढतो.

आणि ‘दृश्यम’. मूळ मल्याळम, २०१३ चा. हिंदीत २०१५ साली तो निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाने आणला आणि गोव्यातल्या साळगांवकर कुटुंबात वसवला. गावातला केबलवाला, चौथीपर्यंत शिकलेला, सिनेमे पाहून शहाणा झालेला. मुलगा कोणी मारला हे आपण पाहतो. प्रेत कोणी पुरलं, मोबाइल कोणत्या ट्रकमध्ये टाकला, दोन ऑक्टोबरचा सत्संग कसा रचला, सगळं आपल्यासमोर होतं. पोलीस महानिरीक्षक असलेली त्या मुलाची आई बरोबर माणसावर संशय घेते. गावही मनातून काहीसं ओळखून असावं, पण प्रत्येक जण तीच ठरलेली साक्ष देतो, कारण तो आपल्यातला आहे. या कथेत एकच गोष्ट आपल्यापासून लपवली आहे: प्रेत शेवटी कुठे गेलं. ती उघड होते तेव्हा पोलिसांना कळत नाही, नायकाच्या बायकोमुलींनाही कळत नाही. नव्या बांधलेल्या पोलीस ठाण्याच्या फरशीखाली काय आहे, हे विजय साळगांवकरला माहीत असतं आणि थिएटरात बसलेल्यांना. २०२२ च्या दुसऱ्या भागात मात्र नव्या दिग्दर्शकाने नायकाची चाल आपल्यापासूनही लपवली आणि तोही चित्रपट तुफान चालला. माझ्या विरोधकांना हा पुरावा वापरता येईल. मला तो पुरता पटत नाही, कारण तिथेही प्रश्न गुन्हेगार कोण हा नव्हताच. सात वर्षं गुपित वागवत आलेल्या प्रेक्षकाला एवढंच कळायचं बाकी होतं की आपला माणूस या वेळी कसा सुटतो.